आधी म्हाकूळ मोजा, मग बंदीवर भांडा

पावसाळी बंदी उठते, नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ सोडला जातो, बोटी पाण्यात उतरतात आणि दिवाळी उलटेपर्यंत कोकण किनाऱ्यावर तेच भांडण नव्याने पेटतं. पारंपरिक मच्छीमार म्हणतात, एलईडी दिव्यांनी आणि मासळीचा थवाच घेरून उचलणाऱ्या पर्ससीन जाळ्यांनी समुद्र ओरबाडून नेला. मोठ्या बोटींचे मालक म्हणतात, मासळी कधी येते कधी जाते, त्यात आमचा काय दोष? या भांडणात म्हाकुळाचं, म्हणजे स्क्विडचं, नाव सारखं निघतं. रात्री दिव्याखाली तो हमखास जमतो आणि धक्क्यावर उतरला की प्रक्रिया कारखान्यामार्गे परदेशी रवाना होतो. पापलेट-सुरमईचं कौतुक त्याच्या वाट्याला आलं नाही. पण खलाशाच्या हिश्शात आणि मालकाच्या डिझेलच्या हिशेबात त्याचं वजन मोठं आहे. नेमकं त्याच्याबद्दलच दोन्ही बाजू सर्वांत बेफिकिरीने बोलतात. एक बाजू म्हणते, म्हाकूळ जेमतेम वर्षभराचा जीव, धरला नाही तरी मरणारच, मग राखायचा कशाला? दुसरी म्हणते, दिवे विझवा, परराज्यातले ट्रॉलर हाकला, म्हाकूळ आपोआप भरून येईल. या घडीला आपल्या किनाऱ्यासमोर म्हाकूळ किती आहे, हे मात्र दोघांपैकी कुणालाच ठाऊक नाही. हंगाम चालू असतानाच ते शोधून काढणारी व्यवस्था आपल्याकडे नाही, आणि ती उभी करा ही मच्छीमार संघटनांची पहिली मागणी असली पाहिजे, बंदीच्या आणि परवान्यांच्याही आधीची, असं माझं ठाम मत आहे.

‘नाहीतरी मरणारच’ हा युक्तिवाद आधी घेऊ, कारण तो ऐकायला बिनतोड वाटतो. त्यातली माहिती खरी आहे. म्हाकुळाच्या डोक्यात तोल सांभाळणारे दोन बारीक खडे असतात. त्यांवर झाडाच्या खोडासारखी वलयं पडतात; झाडात वर्षाला एक, इथे दिवसाला एक. ही वलयं मोजून शास्त्रज्ञांनी म्हाकुळाचं वय दिवसांत काढलं, आणि उष्ण पाण्यातल्या कित्येक जाती वर्षही पुरं करत नाहीत हे दिसून आलं. झपाट्याने वाढायचं, अंडी घालायची, मरायचं. पण यातून निष्कर्ष निघतो तो बरोबर उलटा. घोळ किंवा सुरमईच्या साठ्यात दोन वर्षांची, तीन वर्षांची, पाच वर्षांची मासळी एकत्र असते. एखाद्या वर्षी वीण फसली तरी आधीच्या पिढ्या साठा तोलून धरतात. म्हाकुळाला अशा मागच्या पिढ्याच नाहीत. या हंगामात जो म्हाकूळ अंडी घालेल, तेवढ्याचीच संतती पुढच्या हंगामात येईल. ज्या शेतकऱ्याकडे एकाच हंगामाचं बियाणं आहे, त्याने ते शिजवून खाल्लं तर ‘भात दरवर्षी कापला जातोच’ हे उत्तर त्याच्या पुढच्या वर्षाच्या कामाचं नसतं. जीव कितीही अल्पायुषी असो, तो अंडी घालण्याआधी जाळ्यात आला की नंतर, या प्रश्नावर सगळं अवलंबून आहे. त्याचं उत्तर मोजल्याशिवाय मिळत नाही.

मोजता येतं का? येतं, आणि जगात एका ठिकाणी ते जवळपास चार दशकं चाललं आहे. दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांभोवती ब्रिटन आणि आर्जेंटिना यांच्यातल्या १९८२ च्या युद्धानंतर पोलंड, स्पेन, जपान, कोरिया, तैवान अशा दूरदूरच्या देशांचे ताफे म्हाकुळासाठी गर्दी करू लागले. ना परवाना, ना मर्यादा. ऑक्टोबर १९८६ मध्ये बेटांभोवती मासेमारी संवर्धन क्षेत्र जाहीर झालं आणि १ फेब्रुवारी १९८७ पासून तिथे परवान्याशिवाय जाळं टाकणं बंद झालं. पण परवाने किती द्यायचे आणि हंगाम कधी थांबवायचा? लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या जॉन बेडिंग्टन यांच्या गटाने त्यासाठी जी पद्धत बसवली, तिचं तर्कशास्त्र बोट चालवणाऱ्या कोणत्याही तांडेलाला पटेल असं आहे. हंगामाच्या सुरुवातीला तासाभराच्या मासेमारीत जितकं मिळतं, तितकं महिन्याभराने मिळत नाही, कारण मधल्या काळात साठ्यातून माल काढलेला असतो. एकूण किती काढला आणि त्यामुळे तासाची मिळकत किती घसरली, या दोन आकड्यांवरून मुळात साठा किती होता याचा हिशेब मांडता येतो. प्रत्येक बोटीने पकडीची नोंद वेळच्या वेळी कळवायची, शास्त्रज्ञांनी हंगाम चालू असतानाच गणित मांडत राहायचं, आणि मासेमारी झाली नसती तर जितका म्हाकूळ वाचला असता त्याच्या ४० टक्के तरी अंडी घालायला शिल्लक राहील अशा बेताने हंगाम आटोपता घ्यायचा. ही आकडेमोड गेल्या वर्षाच्या अहवालावर चालत नाही. ज्या पिढीवर जाळं पडतं आहे, तिलाच ती मोजते.

तिथल्या दुसऱ्या, किनाऱ्याजवळच्या लहान जातीसाठी व्यवस्था आणखी काटेकोर आहे. हंगाम उघडण्याआधी ताफ्यातलीच एक ट्रॉलर शास्त्रज्ञांना घेऊन ठरलेल्या जागांवर ओढी मारते आणि साठ्याचा अंदाज बांधते. हंगामाअखेर किमान १० हजार टन म्हाकूळ पाण्यात उरला पाहिजे ही तिथली रेषा. २०२४ च्या दुसऱ्या हंगामाआधीच्या पाहणीत साठा इतका तोकडा निघाला की तो हंगाम उघडलाच नाही. हे करणारं सरकार अशा बेटांचं आहे, ज्यांच्या अर्थव्यवस्थेचा कणा मासेमारी आहे. परवान्याचं उत्पन्न बुडणार हे दिसत असूनही त्यांनी बोटी बांधून ठेवल्या. आपल्याकडे ६१ दिवसांची पावसाळी बंदी दरवर्षी त्याच तारखांना लागते आणि उठते. १ जून ते ३१ जुलै. ती असावीच. पण समुद्रात त्या वर्षी काय घडलं याच्याशी तिचा काडीचा संबंध नसतो. साठा भरभरून असो की रोडावलेला, १ ऑगस्टला सगळे सुटतात.

आता विरोधी बाजूचा सर्वांत जड मुद्दा. इतकं मोजूनही फॉकलंडवाल्यांना काय मिळालं? खोल पाण्यातला त्यांचा मोठा म्हाकूळ, आर्जेंटिनी इलेक्स, २०१५ मध्ये तिथे साडेतीन लाख टनांच्या पुढे मिळाला. पुढच्याच वर्षी तो अडीच हजार टनांच्याही आत आला. नियम तेच, शास्त्रज्ञ तेच, ४० टक्क्यांची रेषा तीच, आणि तरीही हंगाम जवळपास रिकामा. या म्हाकुळाची पिल्लं ब्राझील-उरुग्वेच्या बाजूच्या उबदार प्रवाहांत वाढतात. ते प्रवाह जरा सरकले, पाण्याचं तापमान जरा बदललं, की एक अख्खी पिढी भलतीकडे वाहून जाते किंवा उपाशी मरते. आदल्या वर्षी किती आई-बाप राखले आणि पुढच्या वर्षी किती पिल्लं आली, यांचा सरळ हिशेब म्हाकुळात लागत नाही, हे या विषयातले शास्त्रज्ञच मान्य करतात. मग मोजण्याचा खटाटोप कशाला, असं विचारणाऱ्याला मी टाळणार नाही. हा प्रश्न प्रामाणिक आहे.

पण २०१६ साली मोजणारी यंत्रणा नसती तर काय झालं असतं याचा विचार करा. आदल्या वर्षीचा विक्रम डोळ्यांसमोर ठेवून सगळे ताफे आले असते, काही सापडेना म्हणून आणखी दिवस, आणखी रात्री, आणखी डिझेल जाळून शेवटचा म्हाकूळही उपसला असता. निसर्गाने साठा खाली आणला हे खरं असलं, तरी खाली आलेल्या साठ्यावर किती दाब टाकायचा हा माणसाचाच निर्णय असतो. पुढच्या वर्षीचा म्हाकूळ मोजणीने आधी सांगता येत नाही, हे कबूल. या वर्षीचा म्हाकूळ वेळेत कळतो, आणि वर्षभराच्या जीवाच्या बाबतीत उपयोग तेवढ्याचाच आहे.

दुसरा फायदा मला याहून मोलाचा वाटतो. मोजणी असेल तर साठा का घटला यावर निदान बोलता येतं. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड आणि नोव्हा स्कोशिया किनाऱ्यांसमोर १९७९ मध्ये दीड लाख टनांहून जास्त म्हाकूळ पकडला गेला, आणि काही वर्षांतच ती मासेमारी नगण्य झाली. प्रवाह बदलले म्हणून की ताफ्यांनी उपसा केला म्हणून? म्हाकूळ गेल्यानंतर हा प्रश्न विचारून भरवशाचं उत्तर मिळणं कठीण, कारण पुरावाच समुद्रातून नाहीसा झालेला असतो. याच्या शेजारी केरळची तारली, म्हणजे सार्डिन मासळी, ठेवून पाहा. २०१२ मध्ये केरळात सुमारे चार लाख टन तारली उतरली. २०२१ मध्ये साडेतीन हजार टनही नाही. तिथेही ‘अल निनोने नेली’ आणि ‘जाळ्यांनी संपवली’ असे दोन तट पडले. पण केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेकडे तारलीच्या दशकानुदशकांच्या नोंदी होत्या, म्हणून चर्चा नुसत्या आरोपांवर अडली नाही. समुद्राचं तापमान, अन्नाची टंचाई आणि बारक्या तारलीची पकड या तिन्हींचा वाटा मांडता आला. लहान मासळी पकडण्यावर किमान आकाराची मर्यादा घालण्याचं पाऊल केरळने २०१५ मध्ये उचललं, आणि पुढे त्या यादीत म्हाकूळही आला. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी असे किमान आकार जाहीर केले. चांगलं झालं. पण किमान आकाराचा नियम हा सरासरी वर्षासाठी असतो, आणि म्हाकुळाच्या आयुष्यात सरासरी वर्ष क्वचितच येतं.

इथे कुणी म्हणेल, संस्था आहे, नोंदी आहेत, मग तक्रार कसली? १९४७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचं काम मी कमी लेखत नाही. किनाऱ्यावरच्या उतरवणी केंद्रांवर तिची माणसं नमुना पद्धतीने बोटी आणि मासळी मोजतात. इतक्या विखुरलेल्या, इतक्या मिश्र मासेमारीची अशी नोंद ठेवणं सोपं नाही. २०२२ साली देशातल्या १३५ साठ्यांचं मूल्यमापन करून त्यांतले ९१ टक्के साठे निरोगी असल्याचंही तिने सांगितलं. हा आकडा मोठ्या बोटींच्या बाजूने वारंवार फेकला जातो. तो खोटा नाही, पण त्याच्याकडून नको ते काम करून घेतलं जातं. देशभराच्या साठ्यांचं एकत्रित चित्र, देवगडसमोर या डिसेंबरात म्हाकूळ अंडी घालायला पुरेसा उरला आहे का, याचं उत्तर देऊ शकत नाही; ते त्यासाठी काढलेलंच नाही. वार्षिक आकडा छापून येतो तेव्हा ज्या म्हाकुळाचा तो आकडा असतो, तो म्हाकूळ मेलेला असतो आणि त्याची पुढची पिढी जाळ्यात शिरत असते. पाच-दहा वर्षं जगणाऱ्या माशासाठी वर्षाचा उशीर चालतो. इथे वर्षाचा उशीर म्हणजे एक पूर्ण पिढी.

तिसरा आक्षेप शास्त्रावरच्या अविश्वासाचा आहे, आणि मला तो सर्वांत जवळचा वाटतो. कोळीवाड्यातला माणूस विचारतो, आम्ही पिढ्यान् पिढ्या दर्या पाहतोय, किती वाव खोल पाण्यात कोणती मासळी केव्हा चढते हे आम्हाला कळतं. कार्यालयात बसणारे येणार, कागद रंगवणार आणि शेवटी कुऱ्हाड लहान बोटीवरच पडणार. त्याची भीती निराधार नाही, हे इतिहास सांगतो. १८८३ मध्ये लंडनच्या मत्स्य प्रदर्शनात त्या काळचे नामांकित शास्त्रज्ञ थॉमस हक्सली यांनी, समुद्रातल्या मोठ्या मासेमाऱ्या बहुधा कधीच संपणार नाहीत, असं सांगितलं होतं. शंभर वर्षांनी न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाबाबत सरकारी शास्त्रज्ञ जवळपास त्याच आत्मविश्वासाने चुकले. किनाऱ्याजवळ लहान होड्यांनी मासेमारी करणारे १९८० च्या दशकात ओरडून सांगत होते की कॉड कमी झाला आहे, मिळतो तो बारका आहे. १९८६ मध्ये त्यांच्या संघटनेने स्वतःच्या खर्चाने स्वतंत्र परीक्षण करून घेतलं आणि सरकारी अंदाज फुगलेले आहेत हे मांडलं. ऐकलं गेलं नाही. २ जुलै १९९२ ला कॉडची मासेमारी बंद करावी लागली, सुमारे ३० हजार मच्छीमार आणि कारखान्यांतले कामगार एका घोषणेत बेकार झाले, आणि त्या किनाऱ्यावरची ती व्यापारी बंदी उठायला २०२४ साल उजाडलं.

या उदाहरणावरून ‘शास्त्रज्ञांचं ऐकू नका’ असा धडा काढणारे मला भेटतात. मला वाटतं त्यांनी ते अर्धंच वाचलं आहे. सरकारी गणित फसलं त्याचं एक मोठं कारण म्हणजे मोठ्या ट्रॉलरांच्या पकडीवर त्याने ठेवलेला भरवसा. साठा आटत असताना मासे उरलेल्या थोड्या जागांवर दाटीने गोळा होतात. चांगली यंत्रं असलेली ट्रॉलर नेमकी तिथे पोहोचते, तिची तासाची मिळकत घसरत नाही, आणि कागदावर साठा ठणठणीत दिसतो. किनाऱ्यावरच्या स्थिर जाळ्याला मात्र घट आधी कळते, कारण ते माशामागे धावत नाही. म्हणजे त्या होडीवाल्यांकडे जे होतं तेही मोजमापच होतं, सरकारी मोजमापापेक्षा खरं. ते हिशेबात धरलं गेलं नाही. आपल्याकडे उद्या म्हाकुळाची मोजणी सुरू झाली आणि तिच्यात फक्त एलईडी आणि ट्रॉलरवाल्यांची आकडेवारी गेली, तर हीच चूक इथे होईल. दिव्याचं कामच पसरलेला म्हाकूळ एका जागी गोळा करणं आहे. दिव्याखालची मिळकत शेवटपर्यंत बरी दिसेल. म्हणून रापणवाले, गिलनेटवाले, डोलवाले अशा पारंपरिक जाळी लावणाऱ्यांची पकड या मोजणीत असायलाच हवी, आणि त्यांच्या संघटनांनी ती मागणी आजच लावून धरायला हवी. मोजणीला विरोध करून ते आपल्या बाजूचा सर्वांत मजबूत साक्षीदार हातचा घालवत आहेत.

राहिला खर्चाचा आणि शक्यतेचा मुद्दा. फॉकलंडला मोजके परवानाधारक ताफे, दोनच मुख्य जाती. इथे ७२० किलोमीटरचा किनारा, हजारो बोटी, एका ओढीत वीस-पंचवीस प्रकारची मासळी. फॉकलंडची पद्धत उचलून रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराला लावता येणार नाही, हे मान्य. शिवाय आपला किनारी म्हाकूळ वर्षभर थोडाथोडा विणत राहतो, त्यामुळे एक पिढी संपली आणि दुसरी सुरू झाली अशी स्वच्छ रेषा मिळत नाही. पकडीच्या घसरणीचं साधं गणित नव्या पिल्लांच्या भरतीमुळे फसू शकतं. पण म्हणून हात टेकायचे? प्रत्येक बोट मोजायची गरजच नाही. ससून डॉक, हर्णे, मिरकरवाडा, देवगड, मालवण अशा ठिकाणच्या ठरावीक बोटी निवडून त्यांची रोजची पकड, लागलेले तास आणि जागा नोंदवल्या, दर आठवड्याला थोडा म्हाकूळ विकत घेऊन लांबी, वजन, मादी अंड्यावर आली आहे का हे पाहिलं, तरी हंगामाचा कल कळेल. पिल्लांची भरती कधी झाली हेही याच लांबीच्या नोंदींतून दिसतं.

आणि एक प्रचंड नोंदवही आपल्याकडे तयार पडून आहे, जिच्याकडे या वादात कुणाचं लक्ष जात नाही. प्रक्रिया कारखाने म्हाकूळ घेतात तेव्हा तो आकारानुसार वेगळा करतात, किलोला किती नग यावर भाव ठरतो. म्हणजे कोणत्या आठवड्यात कोणत्या आकाराचा किती म्हाकूळ आला याची नोंद पैशाच्या व्यवहारासाठी रोज होते. आठवड्यागणिक किलोमागे नग वाढत चालले, तर बारका म्हाकूळ उपसला जातो आहे हे त्या पावत्याच सांगतील. युरोपीय संघाने १ जानेवारी २०१० पासून आयात मासळीबरोबर ती कोणत्या बोटीने कायदेशीरपणे पकडली याचं प्रमाणपत्र बंधनकारक केलं आहे, त्यामुळे निर्यातीच्या मालाच्या मागे बोटीचा कागदही असतो. व्यापारी गुपित जपून, नावं वगळून ही आकडेवारी संशोधकांना द्या, असा नियम करायला कुठल्या संशोधन जहाजाची गरज आहे? ज्या म्हाकुळावर निर्यातीचा नफा होतो, त्याच्या मोजणीचा खर्च त्या नफ्यातल्या छोट्या वाट्यातून निघावा, यात अन्याय मला तरी दिसत नाही. दर्यात जीव घालणाऱ्या खलाशाकडून तो वसूल करू नये एवढंच.

मग एलईडीचं काय? मी बंदीच्या बाजूने आहे, आणि माझं कारण नेहमीच्या घोषणांपेक्षा वेगळं आहे म्हणून सांगतो. दिवा स्वतः सैतान नाही. दक्षिण अटलांटिकमध्ये म्हाकूळ पकडणाऱ्या जिगर बोटीही दिवे लावतात. पण त्या म्हाकूळ गळांच्या ओळींवर धरतात, एकेक, आणि दुसरी मासळी त्यात जवळपास येत नाही. आपल्याकडे दिव्याखाली पर्ससीन जाळं टाकलं जातं. जे जमेल ते सगळं, म्हाकूळ, बांगडा, त्यांची पिल्लं, एका घेऱ्यात वर येतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने एलईडी मासेमारीवर बंदी आणली, त्याआधी फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्याने सोमवंशी समितीच्या अहवालानंतर पर्ससीनवर निर्बंध घातले, १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात २०२१ मध्ये दंडही वाढवला. तरी रात्री क्षितिजावर उजेड दिसल्याच्या तक्रारी दर हंगामात होतातच. बंदी मोडणाऱ्याचा नेहमीचा बचाव असतो, ‘नुकसान कुठे झालं ते दाखवा.’ आज ते दाखवायला गस्ती नौकेच्या पंचनाम्यापलीकडे आपल्या हातात काही नाही. अंड्यांनी भरलेल्या माद्यांचं प्रमाण, लांबीची घसरण, रापणीच्या पकडीवरचा परिणाम हे आकडे हातात असतील तर बंदीची बाजू न्यायालयात आणि विधानसभेत नुसत्या भावनेवर लढवावी लागणार नाही. आणि आकड्यांनी वेगळंच काही दाखवलं, समजा काही महिन्यांत गळाने म्हाकूळ धरायला हरकत नाही असं निघालं, तर ते स्वीकारण्याचं धैर्य माझ्यासारख्या बंदीवाल्यांनीही ठेवलं पाहिजे. लहान होडीवाल्याला त्यातून नवा, बऱ्या भावाचा धंदाही मिळू शकेल.

परराज्यातल्या ट्रॉलरांबद्दलही असंच. कर्नाटकातल्या मलपीचे हायस्पीड ट्रॉलर सिंधुदुर्गाच्या पाण्यात घुसतात हा राग रास्त आहे. १२ सागरी मैलांच्या आत राज्याचा कायदा चालतो आणि तो पाळला गेलाच पाहिजे. पण म्हाकूळ कारवार, गोवा, वेंगुर्ला अशी हद्द ओळखत नाही. कर्नाटकच्या किनाऱ्यावर नारळाच्या पोयी (फुलोरे) पाण्यात सोडून त्यांच्याभोवती अंडी घालायला जमणारं कटलफिश, म्हाकुळाचंच भाऊबंद, गळाने पकडण्याची पद्धत आली तेव्हा तिथल्याच ट्रॉलरवाल्यांशी तिचे खटके उडाले. म्हणजे वीण होण्याआधी माद्या काढल्या जाण्याची चिंता तिकडेही आहे. महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक यांनी एकत्र नोंदी ठेवायला काय अडचण आहे? ब्रिटन आणि आर्जेंटिना यांनी १९८२ मध्ये एकमेकांचे शेकडो जवान मारले. अवघ्या आठ वर्षांनी, १९९० मध्ये, त्याच दोन देशांनी दक्षिण अटलांटिक मत्स्य आयोग नेमला आणि इलेक्स म्हाकुळाची आकडेवारी एकमेकांना द्यायला सुरुवात केली, कारण साठा दोघांच्या पाण्यात ये-जा करतो हे दोघांनाही कळत होतं. २००५ मध्ये आर्जेंटिनाने अंग काढून घेतल्यावर हे सहकार्य ढेपाळलं, आणि आज आर्जेंटिनाच्या २०० मैलांच्या हद्दीलगत शेकडो परदेशी बोटी रात्रभर दिवे लावून तोच म्हाकूळ उपसतात. तिथल्या खुल्या समुद्रात त्याला आवर घालणारी कोणतीही प्रादेशिक संघटना नाही.

हे चित्र दूरचं वाटत असेल तर अरबी समुद्राकडे पाहा. आपल्या हद्दीपलीकडे, वायव्य हिंदी महासागराच्या खुल्या पाण्यात, जांभळ्या पाठीचा मोठा सागरी म्हाकूळ मुबलक आहे. तिथे दिव्यांवर मासेमारी करणाऱ्या परदेशी बोटी २०१५ मध्ये ३० च्या आसपास होत्या. २०१९ मध्ये त्या २७९ झाल्याचं उपग्रह निरीक्षणावर आधारलेल्या अहवालात नोंदलं गेलं. हिंदी महासागरातला टुना आयोग टुना आणि तत्सम माशांपुरता आहे, म्हाकूळ त्याच्या कक्षेत येत नाही. म्हणजे तिथे किती बोटींनी किती पकडावं हे ठरवणारं आज कुणीही नाही. उद्या अशी संघटना उभी राहील तेव्हा कोटा वाटताना पहिला प्रश्न विचारला जाईल तो तुमच्या नोंदी कुठे आहेत हा. आपल्या किनाऱ्यावरचाच म्हाकूळ आपण हंगामात मोजत नसू, तर खोल समुद्रातल्या म्हाकुळावर हक्क कोणत्या कागदावर सांगणार? येत्या हंगामासाठी मच्छीमार संघटनांचं निवेदन मत्स्यव्यवसाय आयुक्तांकडे जाईल तेव्हा त्यात एलईडीचा मुद्दा असेलच, असायलाच हवा. त्याच्या वरच्या ओळीत मोजणीची मागणी लिहा: पाच बंदरं, ठरावीक बोटी, आठवड्याचा तक्ता बंदरावर आणि सोसायटीच्या फलकावर सर्वांना दिसेल असा, आणि साठा अमुक रेषेखाली गेला की त्या वर्षापुरती मोठ्या बोटींची म्हाकुळाची मासेमारी थांबवण्याचा अधिकार आयुक्तांना.